लोखंडी चमच्याचा आवाज

मोटारीच्या मागच्या बाकावर एक तरुण बसला आहे. कॅमेऱ्याचे लक्ष त्याच्या चेहऱ्यापेक्षा हाताकडे जास्त आहे. तो हात हळूच दाराच्या कडीकडे सरकतो, मागे येतो, पुन्हा सरकतो. चालक गिअर बदलतो, मोटार मंदावते, पुन्हा वेग घेते. मग एक ट्राम आडवी येते आणि तरुण दार उघडून उडी टाकतो. दुसरा एखादा दिग्दर्शक त्याच्यामागे धावला असता. रोबेर ब्रेसाँचा कॅमेरा मोटारीतच, रिकाम्या झालेल्या जागेपाशी बसून राहतो. शेजारचा कैदी मान वळवत नाही. बाहेर पावले धावतात, कुणी ओरडते, गोळ्या सुटतात. थोड्या वेळाने तरुणाला धरून आणून त्याच जागी बसवले जाते. आपण पाठलाग पाहिला असे मनाने घेतलेले असते. खरे तर तो आपण ऐकलेला असतो.

हा चित्रपट १९५६ चा. त्याच्या फ्रेंच नावाचा सरळ अर्थ ‘मृत्युदंडाचा एक कैदी निसटला आहे’ असा. मी तो पहिल्यांदा पाहिला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात. १९६४ साली सुरू झालेले हे संग्रहालय आणि त्याच रस्त्यावर, प्रभातच्या स्टुडिओच्या आवारात १९६० साली आलेली फिल्म इन्स्टिट्यूट, या दोघांनी मिळून पुण्याला जी सवय लावली तिचे मोल मोठे आहे. पी. के. नायर यांनी जगभरातून रिळे जमवली आणि प्रा. सतीश बहादूर यांनी ती एकेक दृश्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखवून पाहायला शिकवले. उन्हाळ्यातल्या रसास्वाद अभ्यासक्रमाला आलेली माणसे दिवसभर अंधारात बसत आणि संध्याकाळी बाहेर पडली की रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाजही त्यांना निराळा ऐकू येई. मध्यंतर नाही, वेफर्सच्या पुड्यांची कुरकुर नाही, काही जुन्या प्रतींवर तर उपशीर्षकेही नसत. भाषा कळत नसली की कान आपोआप भाषेपलीकडच्या गोष्टींकडे वळतो. फ्रेंच सिनेमा म्हणजे पॅरिसचे रस्ते, देखणे चेहरे आणि न संपणाऱ्या गप्पा, अशी त्याची एक ख्याती आहे. त्या सभागृहात मला सापडला तो फ्रेंच सिनेमा कानाचा होता.

त्याची सुरुवात एका नाखुशीतून झाली. बोलपट आला तेव्हा रने क्लेरसारख्या दिग्दर्शकाला भीती वाटली, की आता सगळे जण नुसते बोलत सुटतील. १९३० साली त्याने ‘सू ले त्वा द पारी’, म्हणजे ‘पॅरिसच्या छपरांखाली’, हा बोलपट केला आणि त्यात आवाज अगदी मोजून-मापून वापरला. रस्त्यावरचा गायक लोकांना एक गाणे शिकवतो. पुढे कॅमेरा एका इमारतीवर मजल्यामजल्याने चढत जातो आणि प्रत्येक खिडकीआड तेच गाणे कुणी ना कुणी गुणगुणत असते, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एका सुरावर अख्ख्या चाळीची ओळख करून दिली जाते. पण माझ्या मते त्याहून सुंदर जागा दुसरीच आहे. कॅफेच्या काचेच्या दारापलीकडे माणसे बोलताहेत, त्यांचे ओठ हलताहेत आणि आपल्याला एक शब्दही ऐकू येत नाही. आवाज हाताशी असताना, त्यासाठीच प्रेक्षकाने तिकीट काढलेले असताना, क्लेर तो काढून घेतो. काय बोलणे झाले असेल ते आपण हातवाऱ्यांवरून समजून घेतो आणि बरोबर समजतो. बोलपट जेमतेम बोलू लागला होता, तेवढ्यात क्लेरला त्याचे मौनही सापडले होते.

चार वर्षांनी झाँ व्हिगोने ‘लातालांत’ केला. कालव्यांतून माल वाहणाऱ्या पडावावरच्या नवविवाहित जोडप्याची ही गोष्ट. व्हिगो आजारी होता. त्याच वर्षी, एकोणतीस वर्षांचा असताना तो गेला. निर्मात्यांनी त्याचा चित्रपट कापून, नावही बदलून प्रदर्शित केला होता. आज आपण पाहतो तो नंतरच्या माणसांनी तुकडे शोधून पुन्हा जुळवलेला आहे. पाण्याखाली बुडी मारून नवरा आपल्या बायकोचा चेहरा शोधतो ते दृश्य सगळ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र दरवेळी वाट असते ती म्हाताऱ्या ज्यूलच्या बोटाची. मिशेल सिमाँने रंगवलेला हा खलाशी जगभरचे भंगार, बाहुल्या आणि मांजरे घेऊन आपल्या खोलीत राहतो. एकदा तो ग्रामोफोनच्या तबकडीवर नुसते बोट फिरवतो, आणि संगीत सुरू होते! तो दचकतो. बोट उचलतो, संगीत थांबते. पुन्हा टेकवतो, पुन्हा सुरू. मग आपल्याला दिसते की शेजारी बसलेला पोरगा अकॉर्डियन वाजवतो आहे. चेष्टा उघड होते, ज्यूल त्याच्यावर करवादतो. पण त्या चार-सहा क्षणांत आपण आणि तो म्हातारा दोघांनीही मान्य केलेले असते की बोटातून संगीत निघू शकते. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि आपलेच मन त्यांची गाठ मारते, हे बोलपटाचे सारे गुपित व्हिगोने एका खोडीत सांगून टाकले आहे.

ही गाठ कुठे मारायची आणि कुठे सैल सोडायची, याचा ब्रेसाँइतका काटेकोर विचार दुसऱ्या कुणी केला असेल असे मला वाटत नाही. म्हणून त्याच्याकडे परत जातो, आणि जरा थांबतो.

आंद्रे दव्हिनी हा फ्रेंच प्रतिकार चळवळीतला अधिकारी १९४३ साली लियाँमधल्या माँल्युक तुरुंगातून निसटला होता. त्याच्या आठवणींवर हा चित्रपट बेतलेला आहे. ब्रेसाँ स्वतः जर्मनांचा युद्धकैदी राहिलेला. नायक फाँतेनच्या भूमिकेसाठी त्याने तत्त्वज्ञान शिकणारा एक विद्यार्थी घेतला, ज्याने आधी कधी अभिनय केलेला नव्हता. शेवट तर नावातच सांगून टाकला आहे. आपल्याकडे कीर्तनाला बसणाऱ्याला आख्यान पाठ असते. बुवा ते कसे लावतात हे ऐकायला तो येतो. ब्रेसाँला नेमका असा श्रोता हवा आहे. ‘सुटेल का’ हा प्रश्न मिटला की ‘कसा’ या प्रश्नासाठी सगळे लक्ष मोकळे होते.

फाँतेनजवळ एक लोखंडी चमचा आहे. तो कोठडीच्या फरशीवर घासून त्याची पटाशी करतो आणि दाराच्या फळ्यांमधला मऊ लाकडाचा भाग कोरू लागतो. खर्र, खर्र, थांबणे. पुन्हा खर्र. दिवसेंदिवस हेच. कोरलेला भुसा गोळा करायचा, फट झाकायची, कान द्यायचा. पडद्यावर बहुतेक वेळ दिसतात हात, चमचा, लाकूड. उरलेला तुरुंग आपल्याला ऐकूनच माहीत होतो. पहारेकरी जिना उतरताना हातातली किल्ली लोखंडी कठड्यावर वाजवत येतो. त्याची ती बेफिकीर लकब कैद्यांच्या उपयोगाची ठरते, कारण तो कुठवर आला हे तिच्यावरून कळते. शेजारच्या कोठडीशी संभाषण भिंतीवरच्या टकटकीने. दूरवर रेल्वेची शिट्टी, म्हणजे बाहेर अजून जग आहे. एखाद्या नवख्या माणसाला संपूर्ण इमारतीचा नकाशा कानात भरून द्यावा, तसा ब्रेसाँ आपल्याला हा तुरुंग शिकवतो आणि मग शेवटच्या रात्री त्या शिकण्याची परीक्षा घेतो.

ती रात्र पाहा. फाँतेन आणि त्याच्या कोठडीत आणून टाकलेला पोरगा जॉस्त, दोघे छतावर आले आहेत. पायाखाली खडी आहे, ती कुरकुरते. गाडी धडधडत जाईल तेवढ्याच वेळात पावले टाकायची. त्या शांततेत एक नवा आवाज येतो, बारीक, लयीत, कुईं-कुईं करणारा. आपल्या नकाशात तो नाही. फाँतेनच्याही नाही. काय असेल? तो पुढे सरकून खाली डोकावतो. दोन भिंतींमधल्या वाटेवरून एक पहारेकरी सायकलवर गस्त घालतो आहे. कुरकुरते ते पॅडल. एवढीशी, घरगुती गोष्ट! पण आवाज आधी आणि सायकल नंतर, या क्रमामुळे ती काही मिनिटे आपल्या मानेवर बसते. सायकल आधी दाखवली असती तर ती एक अडचण झाली असती. आधी ऐकवल्यामुळे ती भय झाली. आणि ज्या पहारेकऱ्याला मारण्यावाचून गत्यंतर नसते, त्याला फाँतेन भिंतीच्या कोपऱ्याआड गाठतो तेव्हा ब्रेसाँ आपल्याला फक्त भिंत दाखवतो. त्या माणसाचा मृत्यू तो आपल्याला तमाशा म्हणून पाहू देत नाही. या संयमाला मी सभ्यता म्हणतो.

संगीताचीही तीच शिस्त. मोझार्टच्या सी मायनर मासमधला एक तुकडा मोजक्या वेळा येतो, आणि येतो तो कैदी सकाळी आपापली घाणीची डबडी रिकामी करायला रांगेने अंगणात उतरतात तेव्हा. धडाडीच्या प्रसंगांना संगीत नाही. डबडी ओतण्याला आहे. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या मंडपात बसणाऱ्या कानाला समेची वाट पाहणे ठाऊक असते. ब्रेसाँ ती वाट खूप ताणतो. शेवटी दोघे भिंतीवरून उतरून अंधारात चालू लागतात आणि तो स्वर पुन्हा येतो, तेव्हा आतापर्यंतची प्रत्येक खर्र त्यात विरघळल्यासारखी वाटते. वाफेच्या लोटात दोन आकृत्या दिसेनाशा होतात. संपले.

पुण्यातून दोघे जण या शाळेच्या फार जवळ गेले. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले कुमार शहानी फ्रान्सला गेले आणि ब्रेसाँच्या १९६९ च्या ‘यून फाम दूस’वर त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. त्यांचेच समकालीन मणि कौल यांनी त्याच सुमारास ‘उसकी रोटी’ केला. बसच्या थांब्यावर नवऱ्याची भाकरी घेऊन उभी असलेली बाई, तिचे हात आणि भोवतालची मोकळी, कोरडी शांतता. पंजाबातल्या त्या थांब्यावर उभे राहून कान दिला तर लियाँच्या कोठडीतली शिस्त ओळखू येते. ‘कंटाळवाणा’ हा शिक्का त्या चित्रपटावर फार घाईने मारला गेला, असे मला मनापासून वाटते.

दरोडा आणि तुरुंगफोडी हे फ्रेंच सिनेमाचे लाडके प्रकार. ज्यूल दासँ हा अमेरिकेतल्या काळ्या यादीमुळे काम गमावून युरोपात आलेला दिग्दर्शक. त्याच्या ‘रिफिफी’ (१९५५) मध्ये जवाहिऱ्याचे दुकान फोडण्याचा सुमारे अर्ध्या तासाचा प्रसंग एका शब्दाविना, संगीताविना चालतो. वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक पाडल्यावर चोर त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि उघडतात, म्हणजे चुन्याचे ढलपे तिच्यात पडावेत, खाली आवाज होऊ नये. पावसाची छत्री उलटी टांगून तिच्यात आवाज झेलायचा! संगीतकार जॉर्ज ओरिकने या प्रसंगासाठी संगीत लिहिले होते. दोन्ही तऱ्हांनी पाहिल्यावर ते नकोच, हे त्यालाही पटले, असे दासँ सांगत असे. झाक बेकरने ‘ल त्रू’ (१९६०) मध्ये नेमके उलटे केले. तिथले कैदी कोठडीची काँक्रीटची जमीन फोडतात, आणि बेकर चेहऱ्यांकडे न पाहता कित्येक मिनिटे फक्त ती जमीन दाखवत राहतो, घाव मोजायला लावतो. इतका धडधडाट की आपण खुर्चीत आवरून बसतो, कुणीतरी ऐकेल म्हणून. घाव घालणाऱ्यांपैकी एक जण, झाँ केरोदी, त्या मूळच्या खऱ्या तुरुंगफोडीत सामील होता. त्याच्या मनगटाला कुठल्याही दिग्दर्शकाने काही शिकवण्याची गरज नव्हती.

आता विनोद. झाक तातीचा ‘मस्य उलोंच्या सुट्ट्या’ (१९५३) सुरू होतो रेल्वे स्टेशनवर. ध्वनिक्षेपकातून काहीतरी घोषणा होते, एकही शब्द कळत नाही, आणि माणसांचा सगळा लोंढा सामानासकट या फलाटावरून त्या फलाटावर धावतो, मग पुन्हा तिसरीकडे. पुणे स्टेशनवर आयुष्य काढलेल्या माणसाला याचे उपशीर्षक लागत नाही. पुढे समुद्रकाठच्या हॉटेलात जेवणघराचे एक झुलते दार आहे. वेटर आत-बाहेर करतो तेव्हा ते दर वेळी जाड तार छेडल्यासारखे ‘टुंग’ वाजते. ताती त्यावर कधी थांबत नाही, कॅमेरा कधी दाराजवळ नेत नाही. टुंग. लोक जेवताहेत. टुंग. चौथ्या-पाचव्या वेळी सभागृहात कुणीतरी हसते, दहाव्या वेळी सगळे. आणि सुट्टी संपून हॉटेल रिकामे होऊ लागते, तेव्हा मला त्या दाराची आठवण येऊन गलबलते. एका कुरकुरत्या बिजागरीने कुणाला हळवे करावे, हे तातीलाच जमले.

‘माँ ओंक्ल’ (१९५८) हा त्याचा रंगीत चित्रपट पुणेकराने मुद्दाम पाहावा. नायक उलो एका जुन्या, वाकड्यातिकड्या इमारतीच्या माथ्यावर राहतो. तो घरी जाताना ताती लांबून सबंध इमारत दाखवतो. उलो कधी एका खिडकीत, कधी गच्चीत, कधी नुसते पायच, कधी नुसती टोपी असा तुकड्यातुकड्यांनी वर चढत जातो. सदाशिव पेठेतल्या वाड्याचे अंधारे जिने, मधले चौक, शेजाऱ्याच्या दारावरून जाणारी वाट ज्याने पायांनी ओळखली आहे, त्याला हा चढ कळतो. उलोच्या बहिणीचा नवा बंगला याच्या नेमका विरुद्ध, गुळगुळीत, पांढरा आणि आवाजांनी भरलेला. टाचांची टकटक, यंत्रांची घरघर आणि अंगणातल्या धातूच्या माशाचे गुळगुळ कारंजे. फाटकाची घंटा वाजली की बहीण बटण दाबून कारंजे सुरू करते. आलेला पाहुणा नुसता भाऊच निघाला की बंद! प्रतिष्ठेला ताती आवाज देतो, तोही गुळण्यांचा.

आणि उलोच्या वाटेला काय आवाज आहे? तो आपली खिडकी उघडतो. तिच्या काचेवरून उन्हाचा कवडसा पलीकडच्या पिंजऱ्यावर पडतो आणि कॅनरी गाऊ लागते. खिडकी हलते, कवडसा सरकतो, पक्षी गप्प. उलोच्या ध्यानात येते. तो काच हलकेच मागेपुढे करून नेमका कोन शोधतो आणि खिडकी तशीच ठेवून निघून जातो. यात संवाद नाही, पक्ष्याचा जवळून चेहरा नाही, उलोच्या दयाळूपणाबद्दल एक शब्द नाही. ज्या पेठांमधले वाडे गेल्या काही दशकांत एकामागून एक उतरवले गेले, त्यांच्यात अशा किती काचा नेमक्या कोनात उघड्या ठेवलेल्या असतील, हे मला त्या दृश्यात दर वेळी आठवते. चित्रपटाच्या शेवटी त्या जुन्या वस्तीवर यंत्रे चालतात. तो आवाजही ताती लपवत नाही.

झाक दमीचा ‘शेरबूरच्या छत्र्या’ (१९६४) पाहताना संगीत नाटकावर पोसलेल्या प्रेक्षकाची सुरुवातीला फसगत होते. आपल्याकडे पात्र गद्य बोलता बोलता थांबते आणि पद सुरू होते. त्या थांबण्यातच पदाचा मान असतो. दमीने सगळे गद्यच गायला लावले. गॅरेजमधला तरुण गी गिऱ्हाइकाला सांगतो की थंड असताना इंजिन थोडे वाजते, पण त्यात काही वावगे नाही, आणि हेही सुरात. मिशेल लग्राँचे सगळे संगीत आधीच मुद्रित झालेले. कात्रीन दनवचा गळा दुसऱ्या गायिकेचा, हे तर पार्श्वगायनाच्या देशाला समजावून सांगायला नको. पण त्यामुळे एक वेगळीच गोष्ट घडली. नटांच्या हालचाली, कॅमेऱ्याची सरक, दारांची उघडझाप, सगळे लयीत बांधले गेले. एका गल्लीत तर प्रेमिक चालतच नाहीत. उभ्या उभ्या तरंगत जातात. खाली चाकांची गाडी आहे हे कळत असूनही तो तरंग खोटा वाटत नाही.

गी अल्जीरियाच्या युद्धावर जातो, पत्रे विरळ होतात, गरोदर झेनव्हिएव्ह दुसऱ्याशी लग्न करते. बर्फाच्या रात्री, काही वर्षांनी, तिची मोटार एका पेट्रोलपंपावर थांबते. पंप गीचा आहे. गाडीत एक लहान मुलगी आहे, जिचे नाव दोघांनी पूर्वी मिळून ठरवले होते. आत कार्यालयात दोघे समोरासमोर उभे असताना कामगार दार उघडून विचारतो, साधे पेट्रोल की भारी? बाईंना काहीही चालेल. तासाभरापूर्वी गॅरेजमधले बोलणे सुरात ऐकून आपण गमतीने हसलो होतो. तोच सूर, तसलीच दुकानदारीची भाषा, आणि आता घशात काहीतरी अडकते. रडवण्यासाठी लग्राँकडे मोठी, भरघोस धून आहे आणि ती तो वाजवतोही. पण मला मारते ते हे पेट्रोलचे वाक्य.

या चित्रपटांच्या नादाने मी पुष्कळ वर्षे पॅरिसकडे तोंड करून बसलो होतो. मग त्याच संग्रहालयात एकदा ‘कुंकू’ लागला. १९३७ साली, ब्रेसाँच्या चमच्याच्या एकोणीस वर्षे आधी, याच रस्त्यावरच्या प्रभातच्या आवारात व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून तो केला. यापूर्वीही पाहिला होता. शांता आपटे यांच्या नीराचा ताठ कणा, केशवराव दाते यांच्या काकासाहेबांची हळूहळू उतरत जाणारी ऐट, हे सगळे पाठ होते. त्या दिवशी पहिल्यांदा उमगले की यात पार्श्वसंगीतच नाही. गाणी आहेत, ती प्रसंगातल्या माणसांची. बाकी घरातले आवाज, रस्त्यावरचे आवाज आणि शांतता. नाट्यपदांवर वाढलेल्या, तानपिपासू प्रेक्षकासमोर शांतारामांनी वाद्यवृंद बाजूला ठेवला. फ्रान्समधल्या कुणाकडून हे घ्यावे असा प्रश्नच नव्हता. बहुतेकांचे तसे काम अजून व्हायचे होते.

आणि मग काकासाहेबांचे ते भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ. म्हातारपणाची खूण म्हणून ते आपण शाळकरी वयापासून ओळखतो, पण खुणेपेक्षा ते फार मोठे काम करते. जरठ-बाला विवाहाच्या त्या घरात तरुण मुलगी आणि म्हातारा एका छताखाली आहेत, दोघांमध्ये बोलणे खुंटलेले आहे आणि आधाराला संगीताचा एक सूर नाही. अशा शांततेत लंबक हलतो. एकच टिकटिक दोघांच्या कानांवर पडते. काकासाहेबांना तीत आपले किती दिवस गेले ते ऐकू येते. नीराला ऐकू येते ते अजून किती उरले आहेत.